तारा ठिपक्याएवढाच यावा म्हणून

थंडी पडली आणि मृग संध्याकाळीच वर यायला लागला, की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. भाचरं, सोसायटीतली कॉलेजची मुलं, नुकताच कॅमेरा घेतलेलं ओळखीतलं कुणी. फोटोखालचा प्रश्न बहुतेक एकच असतो: तारे शार्प येत नाहीत, कोणती लेन्स घेऊ? मी लेन्सचं नाव सांगत नाही. मूळ फाइल मागवते आणि मधला भाग व चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून बघते. तारा कशाने बिघडला हे त्याच्या आकारावरून कळतं, आणि कारणं फार नसतात.

तारे रेघेसारखे लांबट आणि ध्रुवाच्या बाजूला रेघा आखूड होत गेलेल्या: शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं. प्रत्येक ताऱ्याला तंतोतंत सारखंच वाकडं शेपूट: कॅमेरा हलला. बताशासारखी गोल टिकली: फोकस चुकला. मधले तारे नेटके पण कोपऱ्यातल्यांना पंख फुटलेले: लेन्स फार उघडी ठेवली. सगळ्याच ताऱ्यांभोवती धूसर वलय आणि बारके तारे गायब: काचेवर दव बसलं, नाहीतर वर पातळ ढग होते. निदान झालं की उपाय बहुधा फुकटचाच असतो.

माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा आहे. त्यासोबत आलेली १८–५५ मिमीची लेन्स आणि एक ५० मिमी एफ १.८, एवढंच सामान. पुढचं सगळं याच सामानावर, पुण्यातल्या गच्चीवर आणि जुन्नर तालुक्यातल्या सासरच्या अंगणात शिकलेलं आहे.

१. पाचशेचा नियम आता पुरत नाही

शटर किती वेळ उघडं ठेवायचं याचा सगळ्यांना पाठ असलेला नियम म्हणजे पाचशेचा. ५०० ला फोकल लेंग्थने भागायचं. क्रॉप सेन्सर असेल तर फोकल लेंग्थ आधी दीडपट करून घ्यायची. १८ मिमीला उत्तर येतं साधारण साडेअठरा सेकंद. फिल्मच्या काळात हे चालून जायचं. फिल्मचा दाणा जाड, प्रिंट लहान, त्यात थोडीशी रेघ कुणाला दिसणार? आता मोबाइलवरही लोक दोन बोटांनी फोटो मोठा करून बघतात.

हिशोब सोपा आहे. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत फिरते, म्हणजे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतं. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं सरकायला त्याला दोनच मिनिटं लागतात. माझ्या सेन्सरची रुंदी २३.५ मिमी आणि त्यावर आडवे ६००० पिक्सेल. एका पिक्सेलची रुंदी झाली ३.९ मायक्रॉन. १८ मिमीच्या लेन्सने तारा तीन सेकंदांत एक पिक्सेल ओलांडतो. ५० मिमीच्या लेन्सने जवळजवळ दर सेकंदाला एक. साडेअठरा सेकंदांत १८ मिमीवर सहा पिक्सेलची रेघ उमटते, आणि ती दिसते.

फ्रान्समधल्या ल हाव्रच्या खगोल मंडळातले फ्रेदेरिक मिशो यांनी यावर एक सूत्र बसवलं. एफ-क्रमांकाला ३५ ने गुणा, पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराला ३० ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि फोकल लेंग्थने भागा. माझ्या १८ मिमीला एफ ३.५ वर उत्तर येतं १३ सेकंद. ५० मिमीला एफ २.८ वर चार सेकंदांच्या थोडं वर. गणिताचा कंटाळा असेल तर फोटोपिल्ससारखी अ‍ॅप हे आकडे लगेच काढून देतात. मी मात्र ते एकदाच काढून कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर कागदी टेप चिकटवून लिहून ठेवलेत. रात्री दोन वाजता, बोटं गारठलेली असताना भागाकार करायची इच्छा होत नाही.

वेळ कमी केल्यावर फोटो काळपट येतो, अशी तक्रार लगेच येते. त्याचा उपाय आठव्या मुद्द्यात आहे.

२. मृगाला आणि सप्तर्षींना एकच वेळ लावू नका

हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून वेगळं लिहिते. सगळे तारे एका वेगाने सरकत नाहीत. ध्रुवाजवळचे छोटी वर्तुळं काढतात, खगोलीय विषुववृत्तावरचे सगळ्यात मोठं. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे जवळजवळ त्या विषुववृत्तावरच आहेत, त्यामुळे ते पूर्ण वेगाने पळतात. सप्तर्षी ५० ते ६० अंश उत्तरेला. त्यांचा वेग त्याच्या साधारण निम्मा. ध्रुव तर हलल्यासारखा वाटतच नाही. धनू राशीतला आकाशगंगेचा गाभा २९ अंश दक्षिणेला असल्याने मृगापेक्षा थोडाच सावकाश सरकतो.

मृगासाठी मी सूत्राच्या उत्तरातूनही दोन-तीन सेकंद कापते, १८ मिमीला १० सेकंद धरते. सप्तर्षींसाठी २० सेकंद बिनधास्त जातात. चौकटीत दोन्हींकडचं आकाश येत असेल, तर जो तारा जास्त पळतो त्याचा हिशोब धरायचा.

३. फोकसला वेळ द्या, बाकी सगळं पाच मिनिटांत होतं

अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, हे कळायला वेळ लागत नाही. मग लोक लेन्सवरच्या आडव्या आठच्या खुणेवर रिंग नेऊन ठेवतात. ती खूण अंदाजापुरती असते. बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्या पुढेही थोड्या फिरतात, तशी मुद्दाम जागा ठेवलेली असते. सोबत आलेल्या स्वस्त लेन्सवर तर ही खूणच नसते. तेव्हा रिंग शेवटपर्यंत फिरवली की झालं, हा समज सोडून द्यायचा.

पद्धत अशी. उजेड असतानाच दूरच्या डोंगरावरच्या मोबाइल टॉवरवर ऑटोफोकस करून घ्या आणि लगेच मॅन्युअलवर टाका. हे फक्त जवळपास पोचण्यापुरतं. अंधार पडल्यावर लाइव्ह व्ह्यू चालू करा, एखादा ठळक तारा चौकटीत आणा आणि पडदा दहापट मोठा करा. हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात स्वाती किंवा चित्रा. गुरू, शुक्र असले तरी चालतं. आता रिंग केसाएवढी फिरवत जा. तारा लहान होत जातो, सगळ्यात लहान होतो, आणि पुन्हा फुगायला लागतो. फुगायला लागला की परत या. सगळ्यात लहान कुठे होता हे पलीकडे जाऊन आल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे अलीकडेच थांबू नका.

दोन गोष्टी मदतीला येतात. एक, ताऱ्याच्या कडेचा रंग. उघड्या लेन्सवर फोकसच्या एका बाजूला कड जांभळट दिसते, दुसऱ्या बाजूला हिरवट. रंग बदलतो त्या जागेच्या आसपास नेमका फोकस असतो. दुसरी, शेजारचे बारके तारे. फोकस बसला की पडद्यावर आधी नसलेले तारे उमटतात. मला तरी ठळक ताऱ्यापेक्षा या बारक्या ताऱ्यांवर जास्त भरवसा वाटतो. आणि चाळिशी लागली असेल तर चष्मा लावूनच फोकस करा. पडदाच धूसर दिसत असताना तारा कसा लहान होणार!

ठळक तारा अगदी मध्यभागी न घेता मधल्या आणि कोपऱ्याच्या दरम्यान, साधारण एक तृतीयांशावर घ्या. बऱ्याच लेन्सचा फोकस सपाट पृष्ठभागावर पडत नाही, किंचित वाकलेल्यावर पडतो. मध्यावर अचूक केलं तर कडा मऊ पडतात; एक तृतीयांशावर केलं तर दोन्हीकडे चालण्याजोगं मिळतं.

५० मिमीच्या वरच्या लेन्सना बाहतिनोव मास्क वापरता येतो. पाव्हेल बाहतिनोव या रशियन हौशी खगोलप्रेमीने २००५ मध्ये तो तयार केला. तिरप्या फटी पाडलेली चकती लेन्सपुढे धरली की ठळक ताऱ्याला तीन किरणं फुटतात. मधलं किरण बाकी दोन किरणांच्या बरोबर मध्ये आलं की फोकस झाला. नमुना छापून जाड काळ्या पुठ्ठ्यावर घरी कापता येतो. धारदार कटर आणि एक मोकळी दुपार लागते. १८ मिमीसारख्या रुंद लेन्सवर किरणं इतकी बारीक पडतात की त्याचा उपयोग होत नाही.

फोकस झाला की रिंगवर टेप लावा, आणि तरीही दर तासाला तपासा. जुन्नरकडे हिवाळ्यात संध्याकाळी स्वेटर नको वाटतो आणि पहाटे शेकोटी सोडवत नाही. एवढा फरक पडला की लेन्सच्या आतली काच आणि धातू आकसतात, फोकस सरकतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या काही लेन्समध्ये रिंग नुसती विजेवर चालते. कॅमेरा बंद केला किंवा तो आपोआप झोपला, की फोकसची जागा विसरतो. आपली लेन्स त्यातली आहे का, ते घरीच बघून ठेवा.

४. ट्रायपॉड जड हवा, पण त्याहून महत्त्वाची त्याखालची जमीन

सारवलेलं किंवा चोपलेलं अंगण उत्तम. गच्चीचा स्लॅब दिसतो पक्का, पण कुणी चाललं की थरथरतो; पाण्याचा पंप सुरू झाला तरी थरथरतो. पाच-सहा मुलं गच्चीवर आली असतील तर शटर उघडं असेपर्यंत सगळ्यांनी जागेवर उभं राहायचं, हा आमच्याकडे नियमच आहे. तो पाळला जातो असं मी म्हणणार नाही.

ट्रायपॉडचे जाड पाय आधी काढा, बारीक शेवटी. मधला दांडा वर काढू नका. दांड्याला पिशवी लटकवा असं सगळे सांगतात, पण वाऱ्यात लोंबती पिशवी झोके घेते आणि कॅमेऱ्यालाही देते. पिशवीचा तळ जमिनीला टेकेल एवढी खाली बांधा. लेन्समधलं हादरे शोषणारं यंत्र बंद करा. स्थिर कॅमेऱ्यावर ते कधीकधी नसलेला हादरा शोधत बसतं आणि स्वतःच काच हलवतं. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा. आरशाचा जुना डीएसएलआर असेल तर आरसा उचलल्याचा धक्काही लागतो. त्यावर फिल्मच्या काळातली युक्ती अजून चालते. लेन्ससमोर न टेकवता काळा पुठ्ठा धरायचा, शटर उघडायचं, क्षणभर थांबायचं आणि मग पुठ्ठा बाजूला घ्यायचा.

५. लेन्सपुढचा यूव्ही फिल्टर काढा

काच वाचवायला लावलेला असतो, ठीक आहे. पण रस्त्यावरच्या दिव्यांची आणि ठळक ताऱ्यांची भुतं त्यातूनच येतात. रात्री तो खिशात.

६. एफ १.८ विकत घ्या, वापरा एफ २.८

मोठ्या तोंडाची लेन्स घेतली की ती पूर्ण उघडून वापरायचा मोह होतो. दिवसा माणसांचे फोटो काढताना तिचे दोष झाकले जातात, कारण कोपऱ्यात काय आहे ते कुणी बघत नाही. तारे मात्र ते उघड करतात. काळ्या कागदावर टोचलेल्या भोकासारखा तो प्रकाश. लेन्सची इतकी कडक परीक्षा दुसरं काहीच घेत नाही. ५० मिमी पूर्ण उघडली की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, मधल्यांभोवती निळसर-जांभळी झाक येते. एफ २.८ ला दोन्ही बरेच आवरतात. त्यापुढे एफ ४ ला आणखी थोडी सुधारणा होते, पण प्रकाश निम्मा जातो. माझ्या मते ते परवडत नाही.

तेव्हा घासाघीस करून दुकानातून लेन्स घेण्याआधी एक विनंती करा: अंधाऱ्या कोपऱ्यातला एखादा लहानसा एलईडी दुरून चौकटीच्या चारही कोपऱ्यांत घेऊन फोटो काढू द्या. एक कोपरा इतर तिन्हींपेक्षा वाईट असेल तर आतली काच तिरकी बसली आहे. ती लेन्स परत द्या, दुसरा नग मागा. भिडस्तपणा नको.

७. दव येणार हे धरूनच चला

पावसाळा संपल्यावर आकाश धुतल्यासारखं स्वच्छ मिळतं, आणि दवही त्याच रात्री पडतं. निरभ्र, वारा पडलेली रात्र असली की लेन्सची पुढची काच आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. मग हवेतली वाफ तिच्यावर बसते. हे हळूहळू होतं, म्हणून फसवतं. पहिला फोटो लखलखीत, तासाभराने बारके तारे नाहीसे, आणि माणूस फोकस पुन्हा पुन्हा तपासत बसतो. पिंपळगाव जोगा धरणासारख्या पाण्याकाठी तर हे अंधार पडल्यावर लवकरच सुरू होतं.

लेन्सच्या तोंडाशी गुंडाळायची, पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी मिळते. ती दव पडायच्या आधीपासून मंद आचेवर चालू ठेवायची. मला विचाराल तर दुसरी लेन्स घेण्याआधी ही घ्यावी. ती नसेल तर हूड लावा आणि हात गरम ठेवायच्या पुड्या मोज्यात भरून लेन्सभोवती बांधा. तेवढ्यावरही दोन-तीन तास निभतात. दव बसलंच तर पुसू नका, काचेवर ओरखडे आणि डाग राहतात. घरात परतताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवा, नाहीतर उबदार खोलीत आतूनही ओल धरते. कोकणात राहणाऱ्यांना बुरशीचं वेगळं सांगायला नको. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाचा डबा, एवढी सोय पुरते.

८. एका लांब फोटोपेक्षा अनेक आखूड फोटो

शटरची वेळ कमी केली की प्रकाश कमी पडतो, आयएसओ १६०० किंवा ३२०० वर न्यावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. त्यावर उपाय म्हणजे त्याच चौकटीचे लागोपाठ अनेक फोटो काढून संगणकावर एकावर एक रचणं. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, तारे तेच. सरासरी काढली की दाणे विरतात. हिशोब वर्गमुळाचा आहे: चार फोटोंनी निम्मे, सोळा फोटोंनी एक चतुर्थांश. चौसष्ट काढले तर एक अष्टमांश. त्यापुढे मेहनतीच्या मानाने हाती कमी लागतं.

सीक्वेटर हे विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर तारे वेगळे जुळवतं आणि खालचा डोंगर वेगळा स्थिर ठेवतं, त्यामुळे गडाचा बुरूज आणि वरची आकाशगंगा दोन्ही धारदार येतात. सिरिल हेही फुकट, ते मॅक आणि लिनक्सवरही चालतं, पण शिकायला वेळ घेतं. फोटो रॉमध्येच काढा. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच वेळेचे, त्याच आयएसओचे काही काळे फोटो घ्या. सेन्सरचे गरम ठिपके त्यातून वजा होतात. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ती प्रत्येक फोटोमागे तेवढाच वेळ खाते.

रचण्याचा आणखी एक फायदा असा की मुंबई-पुण्याकडे येणारी-जाणारी विमानं आणि उपग्रहांच्या रेघा सॉफ्टवेअर आपोआप गाळतं.

९. तिथी, धूर आणि शेजारच्या काकू

चंद्र कधी नाही हे अ‍ॅपशिवायही कळतं. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, कृष्ण अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि रोज साधारण पाऊण तासाने उशीर होत जातो. भिंतीवरचं कॅलेंडर एवढ्यासाठी पुरतं. शुक्ल तृतीया-चतुर्थीची कोर मला फार आवडते. तिच्या उजेडात समोरची टेकडी दिसते, आणि ती मावळल्यावर आकाश मोकळं मिळतं.

आपल्याकडे आकाशगंगेच्या गाभ्याची अडचण पावसाळ्याची आहे. संध्याकाळी तो सोयीस्कर वर असतो ते नेमके महिने ढगांत जातात. म्हणून फेब्रुवारीअखेर ते मेपर्यंत पहाटे किंवा मध्यरात्रीनंतर उठण्याला पर्याय नाही. जागा मात्र आपली चांगली आहे. पुण्याहून तो गाभा दक्षिणेला ४२ अंशांपर्यंत चढतो, युरोपाच्या बऱ्याच भागात तो क्षितिजाला चिकटून राहतो. एप्रिल-मेमध्ये मावळात आणि घाटमाथ्यावर राब भाजतात, वणवे लागतात. त्या धुराच्या थरातून क्षितिजाजवळचे तारे लालसर आणि मऊ येतात. अशा दिवशी ३० अंशांच्या खाली कॅमेरा नेऊच नये.

गावी आल्यावर आकाश काळं असतं, पण ओट्यावरचे पांढरे एलईडी गावोगावी आले आहेत. शेजारी जाऊन "काकू, तासभर बाहेरचा दिवा घालवता का?" असं विचारलं की कुणी नाही म्हणत नाही. उलट काकूच बघायला येतात, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर कृत्तिका बघून "एवढ्या असतात होय!" म्हणतात. एक इशारा मात्र गंभीरपणे देते. जुन्नर-आंबेगाव भागात उसात बिबट्या असतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगाच नाही. उसाच्या बांधावर एकट्याने ट्रायपॉड लावून पाठमोरं बसायचं नाही. गच्ची किंवा अंगण, आणि सोबतीला कुणीतरी. गडावर मुक्कामाला काही ठिकाणी मनाई आहे, तीही आधी विचारून घ्या.

आकाशासाठीच प्रवास करायचा असेल तर विदर्भातलं पेंच बघा. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. भारतात हा मान मिळवणारं ते पहिलं ठिकाण.

१०. ट्रॅकर सगळ्यात शेवटी

आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर घेतला की शटर मिनिटभर उघडं ठेवता येतं. पण त्याचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे नेमका रोखावा लागतो, आणि इथे आपला भूगोल आडवा येतो. ध्रुव तारा जितक्या अक्षांशावर तुम्ही उभे आहात तितकाच वर दिसतो. पुण्यात साडेअठरा अंश. सह्याद्रीच्या खोऱ्यात उत्तरेला एखादी डोंगरसोंड असली की तो दिसतच नाही, आणि उघडी बाजू असली तरी धुरकटीत अडकतो. गंमत म्हणजे दक्षिणेला अगस्त्यही पुण्यातून जवळपास तितकाच वर येतो, पण तो ट्रॅकरच्या कामाचा नाही. त्यात ध्रुव तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी सरकलेला आहे. तो मध्यभागी आणून भागत नाही, ट्रॅकरच्या दुर्बिणीतल्या वर्तुळावर त्या वेळेच्या जागी ठेवावा लागतो.

१८ किंवा २४ मिमीला थोडी चूक खपते. १३५ मिमीला खपत नाही. आणि ट्रॅकर चालू असताना तारे धारदार आणि डोंगर पुसट होतो. डोंगराचा फोटो तो बंद करून वेगळा काढावा लागतो. आधीच्या मुद्द्यांतलं सगळं हातात बसल्यावर तो घ्यावा. फोकस येत नसताना ट्रॅकर घेतला, तर मिनिटभराचा धूसर फोटो मिळतो, इतकंच.

११. संगणकावर धार लावायची हाव नको

शार्पनिंगचा स्लायडर ओढला की ठळक ताऱ्यांभोवती काळी कडी उमटतात. दाणे घालवायचा स्लायडर जास्त ओढला की बारके तारेही दाणे समजून पुसले जातात. दोन्हींचं प्रमाण शंभर टक्क्यांवर बघूनच ठरवा. आणि मित्रांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की एवढ्या रात्रींची मेहनत ते अ‍ॅप दाबून टाकतं.

इथे माझं एक मत आहे, ते सगळ्यांना पटत नाही. अति धारदार फोटोत नक्षत्र हरवतं. ठळक तारा आणि अंधुक तारा दोन्ही सारखेच ठिपके होतात, हजारो ताऱ्यांत मृग शोधावा लागतो, आणि त्यातल्या राजन्याचा निळसरपणा, काक्षीचा नारिंगी रंग पांढऱ्यात जातो. जपानचे छायाचित्रकार अकिरा फुजिई यांच्या चित्रांत ठळक तारे त्यांच्या रंगासह हलके फुललेले दिसतात. तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तसा हवा असेल तर काही फोटो मंद धुकट फिल्टर लावून काढायचे आणि नुसत्या फोटोंसोबत मिसळायचे. पण हे आधी ठिपका ठिपक्यासारखा काढता आल्यावरच.

१२. सराव शहरात करा

तारे धारदार यायला अंधारं आकाश लागत नाही. अंधारं आकाश जास्त तारे देतं, एवढंच. फोकस, शटरची वेळ, ट्रायपॉड, लेन्सचे कोपरे आणि दव, यातलं एकही शिकण्यासाठी पेंच किंवा हरिश्चंद्रगड गाठायची गरज नाही. शहरात आयएसओ ४०० ते ८०० वर ठेवा, आकाश पिवळट येईल, येऊ दे. एकच तारा चौकटीच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत घ्या, वेळ ५, १०, १५ सेकंद अशी बदला, आणि प्रत्येक फोटो मोठा करून बघा. एका संध्याकाळी आपल्या लेन्सचा स्वभाव कळतो. गडावर पोचल्यावर अंधारात हे करत बसलात तर तासाभरात आकाशगंगा डोंगराआड जाते.

काही अडलं तर पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, कल्याणला आकाश मित्र मंडळ आहे. तिथली मंडळी तुमचा कॅमेरा हातात घेऊन दाखवतात, आणि प्रश्न कितीही प्राथमिक असला तरी हसत नाहीत.

डिसेंबर ते मार्च व्याध, राजन्य, काक्षी आणि रोहिणी पुण्या-मुंबईच्या आकाशातही संध्याकाळी ठळक दिसतात. सरावाला तेवढे चार पुरेत. फक्त गच्चीची किल्ली बहुतेक सोसायट्यांत वॉचमनकडे असते आणि रात्री दहानंतर तो सापडत नाही. ती संध्याकाळीच मागून ठेवा.